‘आमचा कुत्रा किती वर्षं जगेल?’ काउंटरवर रोज विचारता, म्हणून एकदाच लिहून देतोय

अंघोळीला कुत्रा सोडताना दिवसाआड कोणीतरी विचारतंच, "दादा, ह्यांचं आयुष्य किती असतं हो?" आता आम्ही ग्रूमिंग आणि बोर्डिंगवाले (कुत्र्यांना अंघोळ घालणारे आणि तुम्ही गावाला गेलात की सांभाळणारे), पत्रिका बघत नाही. तरी ढोबळ सांगायचं तर ग्रेट डेन आठ-दहा वर्षं, लॅब (म्हणजे लॅब्रडोर) अकरा-बारा, पॉमेरेनियन चौदा-पंधरा, म्हणजे कुत्रा जेवढा थोराड तेवढं आयुष्य कमी. आणि ते पोर्तुगालच्या 31 वर्षांच्या बॉबी कुत्र्याचं फॉरवर्ड आता पाठवू नका प्लीज, गिनीजने 2023 मध्ये सगळ्यात जास्त जगलेल्या कुत्र्याचं रेकॉर्ड दिलं आणि फेब्रुवारी 2024 मध्ये काढूनही घेतलं, कारण जन्माचा पक्का पुरावाच मिळाला नाही.

ब्रीड तुम्ही एकदा घरी आणलं की ते काही बदलता येत नाही. हातात राहतं ते वजन, आणि नेमकं त्यावर बोललं की लोकांना राग येतो.

अमेरिकेत 48 लॅब कुत्र्यांवर एक अभ्यास झाला होता. पिल्लं असल्यापासून त्यांच्या जोड्या लावल्या, जोडीतल्या एकाला दुसऱ्यापेक्षा 25 टक्के कमी खायला द्यायचं, बाकी सगळं सेम, आणि हे त्यांच्या मरेपर्यंत चालू. 2002 मध्ये निकाल छापून आला तर कमी खाणारे साधारण 13 वर्षं जगले आणि दुसरे 11.2, म्हणजे जवळजवळ पावणेदोन वर्षांचा फरक, शिवाय कमी खाणाऱ्यांचा सांधेदुखीचा त्रासही उशिरा सुरू झाला. औषध नाही, टॉनिक नाही, नुसतं ताटात कमी वाढलं.

आता आमचं रडगाणं. बोर्डिंगच्या फॉर्मवर "आहार" म्हणून एक रकाना आहे, त्यात सगळे लिहितात "दोन वेळा, एकेक वाटी". वाटी म्हणजे आमटीची का श्रीखंडाची ते कोणी लिहित नाही. मागे एक ब्रूनो आला (दर तिसरा लॅब ब्रूनोच असतो, तो वेगळा विषय), वजन 43 किलो, लॅबचा नर 30 ते 36 च्या आत हवा. फॉर्मवर तेच, दोन वाट्या. पहिले दोन दिवस साहेबांनी जेवणाकडे ढुंकून पाहिलं नाही, आम्ही घाबरलो, रात्री अकराला त्याच्या घरच्यांना फोन, डॉक्टरांना फोन, ताप बघ, हिरड्या बघ, काहीच नाही. दहा दिवसांनी सगळं घर न्यायला आलं तेव्हा काउंटरवरच उलगडा झाला. सकाळी आजी तूप लावलेली पोळी देतात, काका चहाबरोबर बिस्किटं, शाळेतून आल्यावर मुलगा चीज, खाली वॉचमनदादा परत बिस्किटं, आणि प्रत्येकाला वाटतं की आपण थोडंसंच देतो. बरं, दहा दिवसांत त्याचं किलोभर वजन उतरलं तर आम्हालाच ऐकवलं, "काय हो, उपाशी ठेवलं का?" नाही हो. वाटीतलंच दिलं, फक्त वाटीच्या बाहेरचं दिलं नाही.

थोडंसं म्हणजे किती ते बघा. 100 ग्रॅम ग्लुकोज बिस्किटात साधारण 450 कॅलरी असतात आणि दहा किलोच्या पगला अख्ख्या दिवसाला लागतात पाचशे-सहाशे. म्हणजे चार बिस्किटं "नुसती तोंडात टाकायला" दिली तरी आपण दोन-तीन पोळ्या जास्तीच्या खाव्यात तसं होतं. नसबंदीचं ऑपरेशन झालेल्या कुत्र्याची भूक तेवढीच राहते किंवा वाढते पण गरज कमी होते, तिथे अजून सांभाळा. "ऑपरेशनने जाडा झाला" म्हणतात, ऑपरेशनने नाही, नंतर ताट तेवढंच ठेवल्याने.

घरी तपासायला काटा पण लागत नाही. बरगड्यांवरून बोटं फिरवा, दाबायचं नाही. आपला पंजा सरळ धरून मागच्या बाजूने हात फिरवला की हाडं जशी लागतात तशा बरगड्या लागल्या तर उत्तम. मुठीच्या हाडांसारख्या टोचल्या तर हडकलाय. तळव्यासारखं मऊ मऊ लागलं तर आमच्याशी बोला. गोल्डन, पॉमच्या केसात डोळ्यांना काही दिसत नाही, हातच लावायला लागतो, म्हणून अंघोळीला आलेल्या प्रत्येकाचं आम्ही आधी वजन करतो आणि कार्डावर लिहितो. काहींना वाटतं पाच मिनिटं फुकट घालवतात, पण 40 च्या वरचा लॅब टबात चढवायला दोन माणसं लागतात त्याला जास्त वेळ जातो.

बाकीचं पटकन. गोचीड दिसली तर नुसती उपटून भागत नाही, ती भिंतीच्या फटीत अंडी घालते, तेव्हा कुत्रा आणि घर दोन्ही बघा, गोचीडतापाने धडधाकट कुत्री हातची गेलेली पाहिलीत. दातावरचं पिवळं कीटण फक्त वासाचा विषय नाही. मादीचं नसबंदीचं ऑपरेशन केलं नसेल तर वय झाल्यावर गर्भाशयात पू होण्याची भीती राहते, डॉक्टरांशी बोलून ठेवा. मे महिन्यात पगला दुपारी फिरवू नका. आणि ताप आला म्हणून आपली क्रोसिन तर अजिबात नाही.

वजनकाटा दारातच ठेवलाय, अंघोळ करा नाहीतर नका करू, महिन्यातून एकदा कुत्रा आणून उभा करा, पैसे नाहीत. खाणं मोजायचा कप काउंटरवर मागून घ्या, बोर्डिंगवाल्यांना आम्ही तो तसाच देतो. रविवारी गर्दी असते, मधल्या वारी या. आणि फॉर्म भरायच्या आधी आजींना एकदा विचारून या.