न्हाणीघरातील एक्झॉस्ट पंखा

न्हाणीघरातली वाफ, ओल आणि कोंदट वास बाहेर टाकणारा विजेवरचा छोटा पंखा. बोलताना याला सरसकट ‘एक्झॉस्ट’ म्हणतात. वाड्यातलं न्हाणीघर मागच्या अंगणाच्या कडेला असे आणि बंबाच्या पाण्याची वाफ कौलांच्या फटींतून आपोआप निघून जाई. फ्लॅटमध्ये न्हाणीघर घराच्या मध्यात आलं, त्याला हातभर खिडकी उरली आणि तीही बहुतेक वेळा इमारतीच्या डक्टमध्ये, म्हणजे पाइपांसाठी सोडलेल्या उभ्या पोकळीत, उघडणारी. वाफेची वाट बंद झाली, म्हणून पंखा लागला.

२० अंश सेल्सिअसला एक घनमीटर हवेत जास्तीत जास्त १७ ग्रॅम बाष्प मावतं, ४० अंशांना सुमारे ५१ ग्रॅम. गरम पाण्याने अंघोळ झाली की वाफाळलेली हवा छताला, आरशाला, बाहेरच्या गार भिंतीला टेकते आणि बाष्पाचं पाणी होतं. तीच जागा रोज ओली राहिली की टाइलच्या सांध्यांत काळी बुरशी धरते, छताच्या रंगाला पोपडे येतात आणि प्लायचा दरवाजा खालून फुगतो. मुंबई-कोकणच्या पावसाळ्यात बाहेरची हवाही दमट असते, म्हणून पंखा लावूनही न्हाणीघर पूर्ण कोरडं होत नाही. तरीही आतली गरम हवा बाहेरच्यापेक्षा कितीतरी जास्त बाष्प धरून असते, त्यामुळे तेव्हाही पंखा चालवणंच बरं.

निवडताना आधी खोलीचं माप घ्यावं. ५ फूट रुंद, ७ फूट लांब आणि ९ फूट उंच न्हाणीघरात ३१५ घनफूट हवा असते. ती तासाला १० वेळा बदलायची तर मिनिटाला सुमारे ५३ घनफूट, म्हणजे तासाला ९० घनमीटर हवा बाहेर पडली पाहिजे. सहा इंची पंख्याच्या खोक्यावरचा आकडा बहुधा याच्या दुपटीहून मोठा असतो. पण तो मोकळ्या हवेतला असतो. साधा पात्यांचा पंखा खिडकीतून किंवा भिंतीतून थेट बाहेर फेकायला उत्तम. पुढे लांब पाइप आला की त्याचा दम निघतो. तिथे सेंट्रिफ्युगल (चाकासारख्या पात्यांनी हवा कडेला जोरात फेकणारा) किंवा पाइपमध्येच बसणारा इनलाइन पंखा घ्यावा. पात्यांच्या पंख्यांसाठी आयएस २३१२ हे भारतीय मानक आहे.

पंखा निवडण्यात आपण जेवढा वेळ घालवतो, त्याच्या निम्मासुद्धा दरवाजाखालच्या फटीला देत नाही, आणि बहुतेक पंखे तिथेच फसतात. जेवढी हवा आत येईल तेवढीच बाहेर जाईल. सहा इंची पंख्याचं तोंड सुमारे १७७ चौरस सेंटिमीटरचं. अडीच फुटी दरवाजाखाली २ सेंटिमीटर फट असेल तर तिथून साधारण १५० चौरस सेंटिमीटर वाट मिळते आणि पंखा मोकळा श्वास घेतो. फट अर्ध्या सेंटिमीटरची असेल तर वाट चाळिसाच्याही आत येते. आपल्याकडे पाणी बाहेर येऊ नये म्हणून मार्बलचा उंबरा असतो, दरवाजा त्याला घासून बसतो आणि बाहेरचं पायपुसणं उरलीसुरली फटही बुजवतं. मग पंखा नुसता घरघरतो. अशा वेळी दरवाजाच्या खालच्या भागात जाळी बसवून घ्यावी.

पारखायला उदबत्ती पुरते. पंखा चालू करून, दार लावून, पेटती उदबत्ती आतून फटीजवळ धरावी. धूर सरळ वर न जाता आतल्या बाजूला चटकन वाकला तर हवा येते आहे. आणखी एक गोष्ट या धुरातून कळते. पंख्याशेजारच्या लूव्हरच्या, म्हणजे आडव्या काचपट्ट्यांच्या खिडकीच्या, काचा उघड्या असतील तर फटीजवळचा धूर ढिम्म राहतो. पंखा शेजारच्याच खिडकीतली हवा ओढून परत बाहेर टाकत असतो आणि शॉवरकडची वाफ जागच्या जागी राहते. पंखा चालू असताना त्या काचा बंदच हव्यात.

बसवण्याची जागा दरवाजाच्या समोरच्या बाजूला, छताजवळ, पण शॉवरच्या धारेपासून लांब. लूव्हरच्या खिडकीत वरच्या काचा काढून तिथे गोल भोक पाडलेली शीट बसवतात. शीट पातळ असेल तर ती थरथरते आणि रात्री सगळं घर जागं होतं. जाड शीट घेऊन कडेने रबर द्यावं. सहा इंची पंख्याला सहा इंचांचं भोक पुरत नाही, खोक्यावर दिलेलं माप बघूनच कापावं. भिंतीत कोअर कटिंग करताना (यंत्राने गोल भोक पाडताना) बीमला हात लावू नये. पाइप बाहेरच्या बाजूला किंचित उतरता असावा, नाहीतर त्यात साचलेलं पाणी पंख्यातून टपकतं. पाइपचं तोंड फॉल्स सीलिंगच्या पोकळीत सोडून देणं ही मात्र अक्षम्य चूक: वाफ जात नाही, नुसती नजरेआड होते आणि काही महिन्यांनी पीओपीवर पिवळे डाग उमटतात.

बाहेरच्या तोंडाला आपोआप मिटणारी झडप हवीच. सामाईक डक्टमध्ये खालच्या मजल्याचा पंखा चालला की त्याची हवा आपल्या घरात शिरते, आणि बंद पंख्याच्या पोकळीत कबुतरं हमखास काड्या आणून ठेवतात.

वायरिंग इलेक्ट्रिशियनकडूनच करून घ्यावं. बटण न्हाणीघराबाहेर, अर्थिंग नीट आणि त्या सर्किटवर ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी (विजेची गळती होताच पुरवठा तोडणारा स्विच) असावा. पाणी उडण्याची शक्यता असेल तर आयपीएक्स४ दर्जाचा, म्हणजे कुठूनही उडालेलं पाणी सोसणारा, पंखा घ्यावा.

गॅस गिझर न्हाणीघरात असेल तर एक्झॉस्ट आहे म्हणून निर्धास्त राहू नये. हवा आत यायला वाट नसेल तर पंखा जळालेला वायू बाहेर नेण्याऐवजी उलट आतच ओढू शकतो. त्यातल्या कार्बन मोनॉक्साइडला ना रंग असतो ना वास, आणि माणूस बेशुद्ध पडेपर्यंत अनेकदा काही कळत नाही. गिझर न्हाणीघराबाहेर मोकळ्या हवेतच बसवावा.

अंघोळीनंतर पंखा १५ ते २० मिनिटं चालू ठेवावा. विसरायला होत असेल तर टायमर लावावा. पात्यांवर धूळ आणि ओल मिळून चिकट थर बसतो, तो दोन-तीन महिन्यांनी मेन बंद करून पुसून काढावा.