मसल कारचा जीर्णोद्धार घरच्या गॅरेजपर्यंत कसा आला

साठच्या दशकातली फेरारी घरच्या गॅरेजात खोलून बसणारा माणूस विरळाच. त्याच काळातली पॉन्टियाक जीटीओ किंवा शेव्हरोले शेव्हेल मात्र अमेरिकेत लोक आजही शनिवार-रविवारी घरी खोलतात, पत्रा कापतात, इंजिन उतरवतात. मसल कार, म्हणजे साध्या घरगुती गाडीत दांडगं इंजिन बसवलेली गाडी, मुळात खास गाडी नव्हतीच, म्हणून हे जमतं.

जनरल मोटर्सचा तेव्हा नियम होता की मध्यम आकाराच्या गाडीत ३३० घनइंचांपेक्षा मोठं इंजिन घालायचं नाही. त्याच कंपनीच्या पॉन्टियाक विभागाचे मुख्य अभियंते जॉन डिलोरियन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पळवाट शोधली. नियम मॉडेलला आहे, ‘ऑप्शन’ला नाही, असा सोयीचा अर्थ लावून त्यांनी १९६४च्या टेम्पेस्ट ले मान्सवर ३८९ घनइंचांचं, म्हणजे सुमारे ६.४ लिटरचं व्ही-८ (आठ सिलिंडरचं) इंजिन जादा पॅकेज म्हणून देऊ केलं. किंमत सुमारे २९६ डॉलर. ‘जीटीओ’ हे नाव मात्र थेट फेरारीकडून उचललेलं. पाच हजार गाड्या खपतील असा अंदाज होता. त्या वर्षी खपल्या ३२ हजारांहून जास्त. १९६८ची प्लिमथ रोडरनर तर आणखी साधी होती: आत गालिच्याऐवजी रबरी मॅट, सलग बाकासारखी सीट, आणि किंमत २,९०० डॉलरच्या आत.

इंजिन दांडगं, बाकी गाडी घरगुती, हा सगळा मामला. दारं, काचा, हँडलं, सस्पेन्शनचे कितीतरी भाग शेजाऱ्याच्या फॅमिली गाडीतलेच असायचे. त्यामुळे पुढे भंगारवाल्याकडे पडलेली साधी टेम्पेस्टही जीटीओच्या दुरुस्तीला उपयोगी पडू लागली. आणि खोलायला हात होतेच. दुसऱ्या महायुद्धातून परतलेल्या तरुणांनी जुन्या फोर्डना हॉट रॉड, म्हणजे इंजिन वगैरे बदलून वेगवान केलेली गाडी, बनवायला घेतलं होतं, १९४८ मध्ये ‘हॉट रॉड’ मासिक निघालं, १९५१ मध्ये ड्रॅग शर्यतींची (थोड्या अंतराच्या सरळ रस्त्यावरच्या) एनएचआरए ही संघटना उभी राहिली. मसल कार आली तेव्हा उपनगरातल्या घराला गॅरेज होतं आणि गॅरेजात पाने-स्क्रूड्रायव्हर.

उतरण झपाट्याने झाली. विमा कंपन्यांनी तरुण चालकांचे हप्ते वाढवले. १९७०चा स्वच्छ हवा कायदा आला. १९७१ च्या गाड्यांत जनरल मोटर्सने इंजिनांचं कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला दाब) उतरवून ताकद कमी केली आणि अरब देशांच्या १९७३च्या तेलबंदीनंतर लिटरला चारेक किलोमीटर जाणारी गाडी दारात नकोशी झाली. या गाड्या स्वस्त सेकंडहँड माल होऊन शाळकरी पोरांच्या हाती गेल्या. त्या वेळच्या बेफिकिरीचा नमुना हवा असेल, तर १९७९ ते १९८५ चाललेल्या ‘द ड्यूक्स ऑफ हॅझर्ड’ या मालिकेने उड्या मारून मारून सुमारे ३०० डॉज चार्जर मोडीत काढल्या. आज ऐकताना पोटात गोळा येतो. तेव्हा ती नुसती जुनी गाडी होती.

उरलेल्यांना गंजाने गाठलं. बर्फाळ राज्यांत रस्त्यावर मीठ टाकतात. ते चाकांच्या कमानीत, डिकीच्या तळाशी साचून पत्रा खातं. टपावर फॅशन म्हणून चिकटवलेल्या व्हिनाइलखाली पाणी मुरतं आणि मागच्या काचेची चौकट सडते. फोर्डच्या सुरुवातीच्या मस्टँगमध्ये विंडशील्डपुढच्या जाळीतून शिरलेलं पाणी थेट पायापाशी गळतं, आणि तो भाग बदलायचा म्हणजे वेल्डिंगचे कितीतरी टाके उकलणं आलं. इथे गाडीची बांधणी निर्णायक ठरते. जीटीओ किंवा शेव्हेलला वेगळी चासी (खालचा पोलादी सांगाडा) असते, म्हणून चार मित्र जमवून बॉडी उचलता येते. मस्टँग, चार्जर यांना तशी चासी नाही. फरशीचा पत्राच भार पेलतो. आडवे-उभे टेकू न देता तो कापला की दारं पुन्हा बसत नाहीत.

सुरुवातीला इलाज एकच होता, भोकांत लांबी (पुट्टी) भरायची आणि वरून रंग. चित्र बदललं ऐंशीच्या दशकात. घरच्या प्लगवर चालणारी वायर-फीड वेल्डिंग यंत्रं परवडू लागली आणि सुटे भाग नव्याने बनवणारे उभे राहिले. जॉर्जियातली ‘इयर वन’ १९८१ची. कारखान्याचा न वापरलेला जुना माल संपत गेला तसा परवान्याने बनवलेल्या नकलांचा कॅटलॉग जाडजूड होत गेला. २०११ मध्ये तर १९६५च्या मस्टँग कन्व्हर्टिबलची (टप उघडणाऱ्या गाडीची) अख्खी नवी बॉडी फोर्डच्या परवान्याने विक्रीला आली, सुमारे १५ हजार डॉलरला.

‘सगळं घरी केलं’ असं सांगणाऱ्यांचं मात्र थोडं कमी करून ऐकावं. क्रोमचा मुलामा बाहेरच होतो. इंजिनाचं बोअरिंग, म्हणजे झिजलेले सिलिंडर कोरून नीट करणं, वर्कशॉपमध्ये होतं. शिसं नसलेल्या पेट्रोलवर झिजू नयेत म्हणून कडक व्हॉल्व्ह-सीटही तिथेच बसवून घेतात. रंगाचं तर उलटंच झालं. जनरल मोटर्सचा जुना अॅक्रिलिक लॅकर पटकन वाळायचा, चुकला तर घासून पुन्हा मारता यायचा, म्हणून गॅरेजात चालून जायचा. आजच्या दोन घटकांच्या रंगात आयसोसायनेट असतं. बाहेरून हवा पुरवणारा मुखवटा नसेल तर फुप्फुसांना ते फार घातक.

मग आला पैसा, आणि त्याबरोबर कागद. अ‍ॅरिझोनातल्या स्कॉट्सडेलमध्ये १९७१ पासून लिलाव करणाऱ्या बॅरेट-जॅक्सनसारख्या मंचांवर या गाड्यांचे भाव चढले. प्लिमथची १९७१ची हेमी कुडा कन्व्हर्टिबल, एकूण जेमतेम अकरा बनलेल्यांपैकी एक, २०१४ मध्ये ३५ लाख डॉलरला गेली. आता जीटीओची ती जुनी पळवाट अंगलट येऊ लागली. १९६४-६५ मध्ये ती केवळ ऑप्शन असल्याने गाडीच्या नंबरवरून जीटीओ आणि साधी ले मान्स वेगळी ओळखता येत नाही. इंजिन आणि बिल्ले बदलले की झाली जीटीओ. पॉन्टियाकची जुनी बिलं मायक्रोफिल्मवर टिकली आहेत, शुल्क भरून प्रत मिळते. शेव्हरोलेवाल्यांना तशी सोय नाही. ते सीटच्या स्प्रिंगांत किंवा पेट्रोलच्या टाकीवर अडकून राहिलेला कारखान्यातला बिल्डशीटचा (गाडीत काय बसवायचं त्या यादीचा) कागद शोधत बसतात. सडलेली फरशी उचकटताना तो सापडला, तर कधीकधी गाडीपेक्षा कागदाचीच मिरवणूक निघते.

चकचकीतपणाची हौसही ओसरली आहे. ‘बुलिट’ चित्रपटातली १९६८ची मस्टँग २०२० मध्ये ३४ लाख डॉलरच्या बोलीला गेली ती रिस्टोअर न करता, जुन्या ओरखड्यांसकट. आता जीर्णोद्धाराच्या स्पर्धेसाठी गाडी करणारे मूळ कारखान्यातल्या कामगाराने घाईत ओढलेली खडूची खूण आणि कडेला उडालेले रंगाचे तुषारसुद्धा जसेच्या तसे उतरवतात. ज्यांच्या गाडीला इंजिन मूळचं नाही आणि कागदही नाहीत, त्यांची यातून सुटका आहे. ते नव्या काळातलं जनरल मोटर्सच्या एलएस मालिकेचं व्ही-८, डिस्क ब्रेक आणि पाच गिअर बसवतात, आणि असल्या रेस्टोमॉडला, म्हणजे जुन्या देहात नवी यंत्रणा बसवलेल्या गाडीला, बाजारात कधीकधी अस्सल गाडीपेक्षा जास्त भाव येतो.