व्हुवुझेला वादन

व्हुवुझेला म्हणजे साउथ आफ्रिकेत फुटबॉलच्या मॅचला पब्लिक वाजवतं तो प्लास्टिकचा लांब भोंगा. लांबी साधारण ६५ सेंटिमीटर, तोंडाशी निमुळता, पुढे रुंद होत गेलेला. आपल्याकडे बहुतेकांनी तो पहिल्यांदा ऐकला २०१० च्या वर्ल्ड कपला, तोही टीव्हीवर, आणि तेव्हा तो मधमाश्यांचं मोहोळ उठल्यासारखा वाटला, त्यामुळे हा नुसता गोंगाट असंच सगळ्यांच्या डोक्यात बसलं. पण ज्या मैदानांवर हा भोंगा वाढला तिथे तो ताल धरून, एकाने सवाल टाकायचा आणि बाकीच्यांनी जवाब द्यायचा असा वाजवला जातो, आणि केपटाऊनमध्ये तर याचा अख्खा ऑर्केस्ट्रा उभा राहिलाय. ही बाजू फार कमी लोकांना माहितीये म्हणून या नोंदीत तिच्यावर जास्त लिहिलंय.

वाजतो कसा

पिपाणीत असते तशी पत्ती यात नसते, त्यामुळे नुसतं फुंकून काहीच होत नाही, नवीन माणूस गाल फुगवून जीव खाऊन फुंकतो आणि पुढून फक्त हवा बाहेर येते. ओठ घट्ट मिटायचे, त्यांची फुरफुर काढायची आणि ती नळीत सोडायची, मग आवाज फुटतो. म्हणजे तत्त्व आपल्या तुतारीचं आणि शिंगाचंच. भोकं नाहीत, कळा नाहीत, त्यामुळे सूर एकच, साधारण २३५ हर्ट्झ, हार्मोनियमवाल्यांच्या भाषेत सांगायचं तर मधल्या सफेद एकच्या खालची काळी पाच. ओठ आवळून जोर लावला तर वरचा सूरही निघतो पण तो टिकवणं सोपं नाही.

मग एवढा कर्कश का वाटतो, तर या एका सुराबरोबर त्याच्या दुप्पट, तिप्पट, चौपट असे वरचे सूर खूप जोरात निघतात आणि ते ज्या पट्टीत पडतात तिथे माणसाचा कान जास्त तिखट असतो. शिवाय प्रत्येकाच्या ओठांचा ताण वेगळा त्यामुळे हजारो भोंगे एकाच सुरात लागतच नाहीत, थोडे वर थोडे खाली राहतात आणि ते एकमेकांवर आदळून ती घूं घूं तयार होते. अगदी जवळून आवाज १२० डेसिबलच्या आसपास जातो, आणि हा मुद्दा हसण्यावारी नेण्यासारखा नाही, कानाला कायमची इजा होऊ शकते. आपल्याकडे जत्रेत आणि विसर्जनाच्या मिरवणुकीत पोरं असलेच भोंगे दुसऱ्याच्या कानाशी नेऊन वाजवतात त्यांना हे कुणीतरी सांगायलाच हवं.

भोंगा कुणाचा

यावर वाद आहे. कैझर चीफ्स या क्लबचा प्रसिद्ध चाहता फ्रेडी 'सद्दाम' माके सांगतो की हा भोंगा त्याचाच, १९६५ साली त्याने सायकलच्या हॉर्नचा रबरी फुगा काढून टाकला आणि तोंडाने वाजवायला लागला, मग तो आखूड वाटला म्हणून पुढे पाईप जोडून लांब केला. ॲल्युमिनियमचा तो भोंगा हातात धरलेले त्याचे १९७० पासूनच्या दशकांतले फोटो आहेत, म्हणजे अगदीच हवेतली गोष्ट नाही. दुसरा दावा नझारेथ बाप्टिस्ट चर्चचा, म्हणजे इसाया शेंबे यांनी १९१० च्या सुमारास स्थापन केलेल्या पंथाचा, ते म्हणतात आम्ही यात्रेत आणि धार्मिक नाचात लांब भोंगे आधीपासून वाजवतोय. कुडू या हरणाच्या शिंगापासून हा आला असंही बरेच जण सांगतात. मेक्सिको, ब्राझीलमध्येही स्टेडियममध्ये प्लास्टिकचे भोंगे पूर्वीपासून आहेतच. प्लास्टिकचा भोंगा कारखान्यात मोठ्या प्रमाणावर बनवून घराघरात पोचवला तो मात्र २००१ च्या सुमारास नील व्हॅन स्कॉल्कविक यांच्या केपटाऊनच्या मासिन्सेदाने स्पोर्ट कंपनीने, चर्चबरोबर २०१० मध्ये त्यांचा समझोताही झाला.

मैदानातली पद्धत

वर्णभेदाच्या काळात रग्बी हा गोऱ्यांचा खेळ आणि फुटबॉल काळ्या वस्त्यांचा अशी सरळ वाटणी होती, त्यामुळे जोहान्सबर्गजवळच्या सोवेतोसारख्या काळ्या वस्तीत मॅच म्हणजे अख्ख्या वस्तीचा सण. कैझर चीफ्स आणि ऑर्लँडो पायरेट्स या सोवेतोच्या दोन क्लबांची डर्बी, म्हणजे शेजाऱ्यांमधली चुरशीची मॅच, असली की एकीकडे पिवळं-काळं, दुसरीकडे काळं-पांढरं, डोक्यावर मकारापा म्हणजे खाणकामगारांचं हेल्मेट कापून रंगवून त्याची सजवलेली टोपी, आणि ढोल, गाणी, नाच. 'शोशोलोझा' सारखं कामकऱ्यांचं गाणं हजारो लोक एका दमात म्हणतात. भोंगा आला तो या गाण्या-नाचण्याच्या मधे आला, त्यामुळे त्याला ताल आपोआप मिळाला. स्टँडमधला एकजण दोन आखूड एक लांब असा तुकडा टाकतो, आसपासचे तो परत देतात, मग त्यावर पाय पडायला लागतात.

भोंग्याने गाणं मारलं अशी तक्रार खुद्द तिथल्याच जुन्या प्रेक्षकांची आहे आणि ती खोटी नाही, कारण सगळे एकदम वाजवायला लागले की गळ्याला वावच राहत नाही.

२०१० आणि नंतर

२००९ च्या कॉन्फेडरेशन्स कपलाच स्पेनचा खेळाडू झाबी अलोन्सो याने बंदी मागितली होती, पण फिफाचे तेव्हाचे अध्यक्ष सेप ब्लाटर यांनी ती नाकारली, आफ्रिकेचा आवाज आफ्रिकेत ऐकू येणारच अशी त्यांची भूमिका, आणि ती बरोबरच होती. ११ जून २०१० ला जोहान्सबर्गच्या सॉकर सिटीत साउथ आफ्रिका-मेक्सिको मॅचला साउथ आफ्रिकेच्या सिफिवे त्शबालालाने डाव्या पायाने वर्ल्ड कपचा पहिला गोल मारला तेव्हा जो भोंग्यांचा लोळ उठला तो ज्यांनी ऐकला ते विसरणार नाहीत. पुढे मात्र जगभरातून आलेले पाहुणे गेटवर भोंगा विकत घ्यायचे आणि नव्वद मिनिटं सलग फुंकत बसायचे, सवाल नाही जवाब नाही, आणि टीव्हीवर आपल्यापर्यंत पोचलं ते हेच. यात वाद्याचा दोष कमी आणि वाजवणाऱ्यांना कुणी पद्धत न सांगितल्याचा जास्त. खेळाडूंचीही अडचण झाली, फ्रान्सचा कॅप्टन पॅट्रिस एव्हरा म्हणाला की मैदानावर एकमेकांचं ऐकूच येत नाही. टीव्हीवाल्यांनी २३५ हर्ट्झ आणि त्याच्या पटीतले सूर छाटणारे फिल्टर वापरून बघितले.

त्यानंतर बंद्यांची रांग लागली. युएफाने, म्हणजे युरोपच्या फुटबॉल संघटनेने, १ सप्टेंबर २०१० ला आपल्या सगळ्या स्पर्धांतून भोंगा काढला, इंग्लंडमधल्या बऱ्याच क्लबांनी आणि विम्बल्डननेही काढला, २०१४ च्या ब्राझील वर्ल्ड कपलाही तो चालला नाही. ब्राझीलने पर्याय म्हणून कार्लिन्योस ब्राऊन या संगीतकाराचा कशिरोला नावाचा खुळखुळा आणला, पण २०१३ मध्ये साल्वादोरच्या एका मॅचला लोकांनी ते मैदानात फेकले आणि तोही बाद झाला.

ऑर्केस्ट्रा

२००६ मध्ये केपटाऊनला पेद्रो एस्पी-सांचिस या संगीत शिक्षकाने व्हुवुझेला ऑर्केस्ट्रा सुरू केला. कल्पना नवी नाही, उलट फार जुनी आहे. साउथ आफ्रिकेच्या उत्तरेकडच्या लिम्पोपो भागातल्या व्हेंडा लोकांच्या त्शिकोना नाचात आणि पेडी लोकांच्या दिनाका वादनात प्रत्येकाच्या हातात एकाच सुराची बासरी असते, आपला सूर आला की फुंकायचं नाहीतर गप्प राहून पाय टाकायचे, आणि धून कुणा एकाची नसते, ती गोल फिरणाऱ्या सगळ्या माणसांत मिळून तयार होते. एकसुरी भोंग्याला याच्याइतकी चपखल पद्धत दुसरी नाही.

करायचं काय तर भोंगे वेगवेगळ्या लांबीचे कापायचे, नळी जेवढी आखूड तेवढा सूर चढा. समजा तुकडा आहे 'सा सा प ग, रे रे सा', तर सा वाला दोनदा वाजवून थांबतो, प वाला एकदा, लगेच ग वाला, मग रे वाला दोनदा, आणि शेवटी परत सा. ऐकायला सोपं वाटतं पण प वाल्याला आख्ख्या तुकड्यात एकदाच संधी आहे आणि ती हुकली तर धूनच मोडते, म्हणून वाजवत नसतानाही प्रत्येकाला मात्रा मोजत राहावं लागतं आणि पायांचं काम तेच, नाच इथे शोभेला नाही. सम चुकवणारा एकजण सगळ्यांना पाडतो, आणि नीट बसलं की चार जण मिळून जे वाजतं ते त्यातल्या कुणालाच एकट्याने वाजवता आलं नसतं. काळी पाचलाच सा धरून बाकीचे भोंगे कापले तर बाजारातून आणलेला न कापलेला भोंगाही यात बसतो, हातात घेणाऱ्याला फक्त सा कुठे येतो आणि कुठे गप्प राहायचं एवढं कळलं पाहिजे.