टेबलावरचा पीसी सर्व्हर रूममध्ये परत कसा गेला

जीएसटी रिटर्नची वीस तारीख तोंडावर आलेली असते आणि नेमकं हिशेबाचं सॉफ्टवेअर टॅली उघडत नाही. हिशेबनीस फोन लावतो, पलीकडून उत्तर येतं, "एनीडेस्कचा नंबर सांगा, रिमोट घेतो." मग माऊस आपला आपण फिरू लागतो. हल्ली तर बऱ्याच ऑफिसांत टॅली टेबलावरच्या पीसीत नसतंच. ते कुठल्या तरी भाड्याच्या सर्व्हरवर चालतं आणि समोर दिसतं ते त्याचं चित्र. हे सगळं गेल्या पाच-सात वर्षांतलं वाटतं. प्रत्यक्षात ही कल्पना पीसीपेक्षा जुनी आहे, आणि तिच्या वाटेतली मोठी वळणं यंत्रांपेक्षा लायसन्सच्या अटींनी आणली आहेत.

नोव्हेंबर १९६१ मध्ये अमेरिकेतल्या एमआयटीत फर्नांडो कोर्बातो यांनी सीटीएसएस ही प्रणाली चालवून दाखवली. एकच मोठा संगणक, त्याला जोडलेली टर्मिनलं, आणि प्रत्येकाला वाटावं की यंत्र आपल्या एकट्याचं आहे. वीज किंवा टेलिफोनसारखी संगणकशक्तीही एक दिवस सार्वजनिक सेवा म्हणून मिळेल, असं जॉन मॅकार्थी यांनी तिथेच, त्याच वर्षी सांगितलं होतं. इंटरनेटवरून संगणकशक्ती भाड्याने देणाऱ्या क्लाउडची जाहिरात करणाऱ्यांनी साठ वर्षांत त्यात फार भर घातली आहे असं मला वाटत नाही.

१९८१ मध्ये आयबीएमचा पीसी आला आणि काटा उलट फिरला. यंत्र टेबलावर आलं, फाइल आपल्या ताब्यात आली. पण दोनशे टेबलं असली की दोनशे डिस्क, सॉफ्टवेअरच्या दोनशे प्रती आणि दोनशे ठिकाणी शिरू शकणारे व्हायरस. दुरुस्तीसाठी माणसाला टेबलागणिक फिरावं लागे. त्यातूनच ऐंशीच्या दशकात पीसीएनीवेअरसारखी, मोडेमवरून दुसऱ्याचा पीसी हाताळू देणारी सॉफ्टवेअरं निघाली. १९९८ मध्ये केंब्रिजमधल्या ऑलिव्हेट्टी अँड ओरॅकल संशोधन प्रयोगशाळेने व्हीएनसी सर्वांसाठी मोफत खुलं केलं. त्याची रीत अगदी साधी होती: पडद्यावरचे बदललेले पिक्सेल पाठवायचे आणि परतीच्या वाटेने माऊस-कीबोर्डच्या हालचाली घ्यायच्या. साधेपणामुळेच ते जवळजवळ प्रत्येक प्रकारच्या यंत्रावर पोचलं.

या दोन्ही सोयी मात्र एका माणसाला एक पीसी दुरून देणाऱ्या होत्या. एकाच विंडोजवर एकाच वेळी पन्नास जण बसवायचे, तर विंडोजच आतून बदलायला हवी होती. ते काम सिट्रिक्सने केलं. आयबीएममध्ये ओएस/२ या ऑपरेटिंग सिस्टीमवर काम केलेल्या एड याकोबुची यांनी १९८९ मध्ये ही कंपनी काढली. सुरुवातीला त्यांनी ओएस/२ वरच डाव लावला, आणि ओएस/२ बाजारात मागे पडल्यावर मायक्रोसॉफ्टकडून विंडोज एनटीचा सोर्स कोड परवान्याने मिळवला. त्यातून १९९५ मध्ये विनफ्रेम आलं: सगळी कामं सर्व्हरवर आणि वापरणाऱ्याकडे फक्त पडदा. ज्यांच्याकडे जुने, मंद पीसी होते त्यांना हे सोयीचं होतं.

फेब्रुवारी १९९७ मध्ये बातमी फुटली की मायक्रोसॉफ्ट हेच काम स्वतः करण्याच्या विचारात आहे. सिट्रिक्सचा शेअर एका दिवसात निम्म्याहून खाली आला. पुढच्या वाटाघाटी त्या वर्षीच्या मे महिन्यात संपल्या. एकाच विंडोजवर अनेकांना बसवणारं सिट्रिक्सचं मल्टिविन तंत्र मायक्रोसॉफ्टने परवान्याने घेतलं, ७.५ कोटी डॉलर आगाऊ आणि एकूण १७.५ कोटींपर्यंत. १९९८ मध्ये विंडोज एनटी ४.० ची टर्मिनल सर्व्हर आवृत्ती आली आणि तिच्याबरोबर पडदा आणि माऊस-कीबोर्डची ये-जा सांभाळणारा आरडीपी हा प्रोटोकॉलही. २००१ च्या विंडोज एक्सपीत 'रिमोट डेस्कटॉप' हे नाव घरोघरी गेलं. पण साध्या विंडोजवर एका वेळी एकच जण बसू शकेल आणि जास्त माणसांसाठी सर्व्हर व वेगळी लायसन्सं घ्यावी लागतील, ही अट मायक्रोसॉफ्टने सोडली नाही.

अॅमेझॉनने ऑगस्ट २००६ मध्ये ईसीटू सुरू केलं आणि तासाच्या दराने सर्व्हर मिळू लागला. मग डेस्कटॉप भाड्याने मिळायला आणखी सात वर्षं का लागली? वेग हे एक कारण होतं, पण मोठी अडचण पुन्हा तीच. सेवा देणाऱ्या कंपनीने सामायिक यंत्रांवर डेस्कटॉपची विंडोज भाड्याने द्यावी, हे मायक्रोसॉफ्टच्या अटींत बसत नव्हतं. म्हणून २०१३ मध्ये जाहीर झालेल्या अॅमेझॉन वर्कस्पेसेसमध्ये 'विंडोज ७ चा अनुभव' मिळे, आणि आत असायचा विंडोज सर्व्हर २००८ आर२, रंगरंगोटी केलेला! खुद्द मायक्रोसॉफ्टने २०१९ मध्ये अनेकांना एकत्र बसता येणारी विंडोज १० काढली, तीही अॅझुर या आपल्याच क्लाउडवर.

भारतात आधी सर्व्हर जवळ येणं गरजेचं होतं, कारण अंतर वाढलं की टाइप केलेलं अक्षर उशिरा उमटतं. २०१५ मध्ये मायक्रोसॉफ्टने पुणे, मुंबई आणि चेन्नईतून, तर २०१६ मध्ये अॅमेझॉनने मुंबईतून क्लाउड सेवा सुरू केली. नियम मात्र जुनेच होते. कॉल सेंटरच्या माणसाने घरून काम करायचं तर दूरसंचार विभागाची परवानगी आणि बँक गॅरंटी लागे. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी आली, विभागाने घाईघाईने सवलती दिल्या, आणि कंपन्यांनी ऑफिसातले पीसी टेम्पोत भरून कर्मचाऱ्यांच्या घरी पोचवले. जे तंत्र पंचवीस वर्षं उपलब्ध होतं, त्याची तयारी किती कमी ठिकाणी होती हे त्या टेम्पोंवरून कळतं. नोव्हेंबर २०२० च्या नव्या मार्गदर्शक सूचनांनी ती बँक गॅरंटी कायमची काढली.

दुरून हात घालता येतो तो चोरालाही घालता येतो. एनीडेस्क उतरवायला लावून, त्याचा नऊ अंकी कोड विचारून खाती साफ केली जातात, असा इशारा रिझर्व्ह बँकेने फेब्रुवारी २०१९ मध्येच बँकांना दिला होता. त्याच वर्षी मे महिन्यात विंडोजच्या रिमोट डेस्कटॉपमधला ब्लूकीप हा दोष उघड झाला. तो इतका गंभीर होता की पाच वर्षांपूर्वी वाऱ्यावर सोडलेल्या एक्सपीसाठीही मायक्रोसॉफ्टला पॅच काढावा लागला. सर्वात मोठा धडा २ जुलै २०२१ चा. अनेक ग्राहकांची यंत्रं एकाच जागेवरून सांभाळणारं कसेया कंपनीचं व्हीएसए हे सॉफ्टवेअर, संगणक कुलूपबंद करून खंडणी मागणाऱ्या रेव्हिल टोळीने फोडलं. कंपनीचे थेट ग्राहक साठेकच बाधित झाले, पण तेच दुसऱ्यांचे संगणक सांभाळणारे होते. त्यामुळे खालचे दीड हजारापर्यंत व्यवसाय अडकले. स्वीडनमध्ये कूप या किराणा दुकानांच्या साखळीची शेकडो दुकानं बंद राहिली, कारण गल्ल्यावरची यंत्रं चालेनात, आणि कूप तर कसेयाची ग्राहकही नव्हती. शेकडो ठिकाणी फिरण्याचे कष्ट वाचवणारी एकच किल्ली हल्लेखोराचेही तेवढेच कष्ट वाचवते. लहान व्यावसायिकांना ही गोष्ट आयटीवाले क्वचितच सांगतात.

ऑगस्ट २०२१ पासून मायक्रोसॉफ्ट विंडोज ३६५ या नावाने महिन्याच्या वर्गणीवर अख्खा पीसीच भाड्याने देतं. ऑक्टोबर २०२५ मध्ये विंडोज १० चा आधार संपला; पुढचे सुरक्षा अपडेट हवे असतील तर कंपन्यांना पैसे मोजावे लागतात. पण तोच जुना पीसी विंडोज ३६५ शी जोडण्यापुरता वापरला, तर अपडेट वेगळ्या पैशांशिवाय मिळतात.