स्पिन-ऑफ (विनोदी मालिका)

चालू किंवा नुकत्याच संपलेल्या विनोदी मालिकेतल्या दुय्यम पात्राला नायक करून, बहुधा त्याच नटाला घेऊन काढलेली स्वतंत्र मालिका. अमेरिकी दूरचित्रवाणीवर १९७० च्या दशकात ही प्रथा जोरात होती. ‘ऑल इन द फॅमिली’मधले शेजारी जेफरसन कुटुंब न्यूयॉर्कचा क्वीन्स भाग सोडून मॅनहॅटनला गेले आणि ‘द जेफरसन्स’ (१९७५–८५) मूळ मालिकेपेक्षाही जास्त वर्षे चालली.

दुय्यम पात्राचा विनोद त्याच्या एकट्याचा नसतो, तो भोवतालच्या माणसांशी होणाऱ्या विसंगतीतून येतो. पात्र उचलून नव्या घरात आणले की ती विसंगती मागेच राहते. ती नव्याने उभारणे हे लेखकांचे खरे काम. ‘फ्रेझर’ (१९९३–२००४, २६४ भाग) हा त्याचा वस्तुपाठ होय. केल्सी ग्रॅमरने साकारलेला मानसोपचारतज्ज्ञ फ्रेझर क्रेन १९८४ मध्ये, एका बारमध्ये घडणाऱ्या ‘चिअर्स’ या विनोदी मालिकेच्या तिसऱ्या पर्वात आला. बॉस्टनच्या त्या बारमध्ये साध्यासुध्या गिऱ्हाइकांत तो एकटाच उच्चभ्रू, म्हणून हसू येई. डेव्हिड एंजेल, पीटर केसी आणि डेव्हिड ली यांनी त्याला थेट सिअ‍ॅटलला नेले, म्हणजे जुन्या मंडळींची ये-जा आपोआप थांबली. बारची जागा वडिलांनी घेतली. मार्टिन हा कमरेत गोळी लागून निवृत्त झालेला पोलीस, बिअर पिणारा. पहिल्याच भागात फ्रेझरच्या निवडक, महागड्या फर्निचरमध्ये त्याची चिकटपट्टी लावलेली जुनी आरामखुर्ची येऊन बसते, आणि पुढची ११ पर्वे ती हलत नाही. शिवाय धाकटा भाऊ नाइल्स फ्रेझरहून अधिक नखरेल. त्याच्या शेजारी फ्रेझर बराच व्यवहारी वाटू लागतो. नायकाला असे दोन्ही बाजूंनी तोलून धरणे फार कमी जणांना जमले आहे. मालिकेला दूरचित्रवाणीचे ३७ एमी पुरस्कार मिळाले, त्यांत सर्वोत्कृष्ट विनोदी मालिकेचे सलग ५.

जुने संवाद मात्र पाठ सोडत नाहीत. ‘चिअर्स’मध्ये फ्रेझरने वडील वारल्याचे सांगितले होते. ‘फ्रेझर’च्या दुसऱ्या पर्वात त्या बारचा मालक सॅम भेटीला आला तेव्हा, बापाशी भांडण झाले होते म्हणून तसे बोललो, असा खुलासा करावा लागला.

अपयशाची कारणेही याच तोलाशी येऊन थांबतात. ‘चिअर्स’मधूनच निघालेली ‘द टॉर्टेलीज’ (१९८७) १३ भागांत संपली. ‘थ्रीज कंपनी’तले घरमालक रोपर दांपत्य मिनिटभर येऊन, टोमणे मारून जाई तेव्हा बहार येई, ‘द रोपर्स’ (१९७९–८०) मध्ये त्यांच्यावरच पूर्ण भाग पेलेना. तोवर मूळ मालिकेत नवा माणूस घरांची देखभाल पाहू लागला होता, त्यामुळे परतीची वाटही उरली नाही. ‘फ्रेंड्स’नंतरच्या ‘जोई’चे (२००४–०६) दुखणे वेगळे नव्हते: भोळ्या जोईला सावरणारे पाच जण न्यूयॉर्कच्या कथेतच राहिले.

२०२३ मध्ये नव्या मालिकेत फ्रेझर पुन्हा बॉस्टनला आला. नाइल्स नव्हता, आणि मार्टिनची भूमिका करणारे जॉन महोनी २०१८ मध्ये निवर्तले होते. दोन पर्वांनंतर ही मालिका बंद झाली. तिच्यातल्या बारचे नाव होते ‘महोनीज’.