सगळंच ‘रिमिक्स’ नसतं: गाणी भरून घेणाऱ्या पिढीची पार्श्वभूमी

आज विशीत असलेल्या कुणाचाही फोन बघा, एकाच गाण्याची चार रूपं सापडतील. मूळ गाणं, कुणीतरी गिटारवर गायलेलं कव्हर, हलगी मिक्स आणि स्लोड रिव्हर्ब, म्हणजे हळू करून घुमवलेलं रूप. घरातली मोठी माणसं या सगळ्याला सरसकट रिमिक्स म्हणतात आणि पोरांना चांगलं कळतच नाही असं ठरवून टाकतात, पण या चार गोष्टी चार वेगळ्या वाटांनी आलेल्यात.

रेडिओचं फार सांगत बसत नाही, 1952 ला सरकारी रेडिओने सिनेसंगीत जवळपास बंद केलं, तेव्हाची तरुण पोरं रेडिओ सिलोनकडे वळली आणि 1957 ला विविध भारती आली, हे सगळ्यांना माहितीये. पण कुठलं गाणं कधी लागणार हे तेव्हा ऐकणाऱ्याच्या हातात नव्हतं. ते आलं कॅसेटमुळं. कोरी कॅसेट आणि गाण्यांची यादी दुकानदाराला द्यायची, तो भरून द्यायचा. ‘गाणी भरणं’ हा शब्द तेव्हाचा, पुढं मोबाइललाही तोच चिकटला. भीमगीतं, कोळीगीतं, लावण्या, अहिराणी गाणी रेडिओवर कमी लागायची, ती कॅसेटवर घरोघरी पोचली. 6 डिसेंबरला चैत्यभूमीच्या बाहेर गाण्यांचे स्टॉल लागायचे, तिथून गावाकडं कॅसेट नेणारी माणसं खूप होती.

आता रिमिक्सचा गुंता. 1957 च्या कॉपीराइट कायद्यात एक वाट होती, कुणाचं गाणं एकदा रेकॉर्ड झालेलं असलं की ठराविक काळानंतर दुसऱ्याने नोटीस देऊन आणि रॉयल्टी भरून तेच गाणं नव्या गायकाकडून गाऊन घ्यायचं. याला व्हर्जन रेकॉर्डिंग म्हणायचे. कॅसेट कंपन्यांनी या वाटेवर भरपूर धंदा केला. 2000 नंतर टीव्हीवर जी रिमिक्सची लाट आली त्यातही बरीच गाणी अशीच होती, नव्याने गायलेली, खाली बीट टाकलेली, म्हणजे कायद्याच्या भाषेत रिमिक्स नाहीच, व्हर्जन. मूळ संगीतकार, गीतकार आणि गायक चिडले, आणि त्यांच्या रागात तथ्य होतं, कारण परवानगी कुणी विचारतच नव्हतं. मग 2012 ला कायदा बदलला. दोन वर्षांची मुदत पाच झाली, दर गाण्यामागे वर्षाला किमान 50,000 प्रतींची रॉयल्टी आधी भरायची, कव्हर, म्हणजे हेच व्हर्जन, आहे असं वेष्टनावर लिहायचं, मूळ गायकाचं नाव किंवा फोटो वापरायचा नाही, चालीत आणि शब्दांत मनाने बदल करायचे नाहीत.

ज्याच्याकडं 50,000 प्रतींचे पैसे आहेत त्याच्यासाठीच ही वाट उरली. आणि सांगली-कोल्हापूरकडचा किंवा नाशिकचा डीजे करत होता ते यात कधी बसलंच नाही, कारण तो नव्याने गाऊन घेत नव्हता, मूळ रेकॉर्डिंगच उचलून त्यावर हलगी, संबळ नाहीतर नाशिक ढोल चढवत होता. त्याला मूळ रेकॉर्डिंगच्या मालकाचीच परवानगी लागते, आणि गावातला पोरगा ती आणणार कुठून? माझ्या मते इथं कायदा करणाऱ्यांनी कंपन्यांचं भांडण मिटवलं पण वरातीत काय वाजतंय ते ऐकलंच नाही.

कारण माझ्या वयाच्या पोरांचे कान तिथंच तयार झाले. 2008-09 पासून पुढची सात-आठ वर्षं तालुक्याच्या मोबाइल दुकानात 2 जीबीचं मेमरी कार्ड द्यायचं, दुकानदार कॉम्प्युटरवरून फोल्डरच्या फोल्डर टाकून द्यायचा. 128 केबीपीएस दर्जाचं चार मिनिटांचं गाणं साधारण 4 एमबीचं, म्हणजे कार्डात 500 गाणी आरामात. निवड निम्मी आपली, निम्मी त्याची. गायकाचं नाव फाइलवर नसायचंच, ‘पब्लिक डिमांड मिक्स’ एवढंच असायचं आणि गाण्याच्या मध्येच डीजेच्या नावाची आरोळी यायची, ती आम्हाला गाण्याइतकीच पाठ होती. मग बसमध्ये, रानात, मांडीवर मोबाइल ठेवून मोठ्याने लावायचं, हेडफोन एकाचाच असला तर एक कान याला एक कान त्याला.

सप्टेंबर 2016 ला फुकट 4जी आलं आणि दुकानातली ती रांग बघता बघता संपली. गाणी भरायची गरजच उरली नाही, जे हवं ते यूट्यूबवर. जून 2020 ला चिनी शॉर्ट व्हिडिओ ॲपवर बंदी आली, लगेच रील्स आल्या, आता गाण्याचे पंधरा-वीस सेकंद आधी कानावर पडतात आणि आवडले तरच पूर्ण गाणं शोधलं जातं. स्लोड रिव्हर्ब हे त्याच काळातलं, गाणं हळू करायचं, आवाज घुमवायचा, रात्री एकट्याने हेडफोनवर ऐकायचं. तेसुद्धा मूळ रेकॉर्डिंगवरच केलेलं, म्हणजे हलगी मिक्ससारखंच बिनपरवानगी. कंपनीने हक्काचा दावा, म्हणजे क्लेम, टाकला की व्हिडिओ म्यूट होतो नाहीतर उडतो.

मेमरी कार्डावरचे ते जुने मिक्स कितीतरी तर यूट्यूबवरही नाहीत, कारण ते कुणी रीतसर रिलीज केलेच नव्हते. माझ्याकडं एक कार्ड अजून चालतं, मावसभावाचं मागच्या पावसाळ्यात करप्ट झालं, त्यातली अर्धी गाणी माझ्याकडं नव्हती.