साइट अडवणारं वेगळं, वर्ग सांभाळणारं वेगळं

शाळेच्या लॅबचं कोटेशन मागवलं की त्यात एक ओळ हमखास असते: ‘मॉनिटरिंग सॉफ्टवेअर, ब्लॉकिंगसह’. पुढे एकच रक्कम. मुख्याध्यापक सही करतात, जूनमध्ये लॅब सुरू होते आणि पोळ्याच्या आत सरांचं रडगाणं सुरू होतं की एवढे पैसे घातले तरी पोरं गेम खेळतातच. अमळनेर असो, शिरपूर असो की शहादा, रडगाणं तेच. त्या एका ओळीत दोन निराळ्या वस्तू कोंबलेल्या असतात. शाळेला हवी असते एक आणि पदरात पडते दुसरी.

पहिली वस्तू फिल्टर. ती तुम्हाला माहीत आहे, त्यामुळे फार दळण दळत नाही. नको त्या साइट उघडू न देणं, एवढंच तिचं काम. राउटरच्या सेटिंगमध्ये डीएनएसच्या (साइटच्या नावावरून तिचा पत्ता शोधून देणाऱ्या सेवेच्या) रकान्यात क्लाउडफ्लेअरचा १.१.१.३ किंवा ओपनडीएनएसचा २०८.६७.२२२.१२३ टाकला की अश्लील साइट बऱ्यापैकी बंद होतात. फुकटात. नुसत्या एवढ्यासाठी कुणी दरवर्षी वर्गणी मागत असेल तर त्याला चहा पाजा आणि वाटेला लावा. यूट्यूब किंवा गेमच्या साइट मात्र या आकड्यांनी बंद होत नाहीत, त्यांची यादी वेगळी करावी लागते.

दुसरी वस्तू वर्ग सांभाळणारी, म्हणजे पोरांच्या स्क्रीन सरांच्या हाती देणारं सॉफ्टवेअर. त्यातलं व्हेयॉन फुकट मिळतं, विंडोजवर आणि लिनक्सवर दोन्हीकडे चालतं. पूर्वी आयटाल्क नावाचं होतं, त्याचाच हा पुढचा अवतार. लॅब पूर्ण लिनक्सची असेल तर एपॉप्टेस. विकत घ्यायचं तर नेटसपोर्ट स्कूलसारखी पॅकेजेस आहेत. सरांच्या पीसीवर सगळ्या पोरांच्या स्क्रीन छोट्या छोट्या चौकोनांत दिसतात. त्यातली एखादी मोठी करून बघता येते, तिचा माउस आपल्या हाती घेता येतो, सगळ्यांच्या स्क्रीन एकदम लॉक करता येतात, सरांची स्क्रीन सगळीकडे दाखवता येते, सुटीत सगळे पीसी एका बटणावर बंद करता येतात.

यादी वाचून दोन्हींतला फरक कळल्यासारखा वाटतो, पण खरी गोम यादीत नाही. वस्तू बसते कुठे, हे बघा. फिल्टर बसतो इंटरनेटच्या दारात. दुसरं बसतं प्रत्येक पोराच्या पीसीमध्ये आणि लॅबमधल्या सगळ्या पीसींच्या केबल जोडणाऱ्या स्विचच्या डबीतून, केबलवरून थेट सरांच्या पीसीशी बोलतं. व्हेयॉनला इंटरनेट लागतच नाही. केळीच्या बागेचं कुंपण आणि बागेचा राखणदार यांच्यात जेवढं अंतर, तेवढंच इथेही आहे. कुंपण रात्रंदिवस उभं असतं, पण आत शिरलेल्याचं त्याला काही कळत नाही. राखणदाराला सगळं दिसतं, पण तो जागा असेल तरच.

आता लॅबमध्ये रोज काय घडतं ते बघा. पोरगं पेन ड्राइव्हमध्ये गेम आणतं. नेटचा संबंधच नाही, फिल्टरला पत्ता लागत नाही. क्रोमचा डायनासोर तर नेट गेल्यावरही पळतो. दोन्ही गोष्टी सरांच्या चौकोनात मात्र स्वच्छ दिसतात. दुसरं, डेस्कटॉपला वायफाय नसतं म्हणून आपण निश्चिंत असतो. नववीतला हुशार पोरगा चार्जिंगच्या केबलने मोबाईल पीसीला लावतो आणि यूएसबी टेथरिंगने स्वतःचं नेट आणतो. राउटरवर लावलेला फिल्टर बाजूलाच राहिला. पण लॅबची केबल मागे तशीच लागलेली असते, त्यामुळे त्याचा चौकोन सरांना दिसतच राहतो. त्याने ती केबलही उपटली तर चौकोनातली स्क्रीन दिसेनाशी होते. तेवढी खूण सरांना पुरते, उठून त्या बाकाजवळ गेलं की झालं.

आता उलट बाजू. सर फळ्याकडे वळले, कुणाचा प्रिंटर अडकला म्हणून उठले, शिपाई सूचना घेऊन आला. तेवढा वेळ चौकोनांकडे बघणारं कुणी नाही. सॉफ्टवेअर बिचारं दाखवत बसतं, अडवत काहीच नाही. मधल्या सुटीत, शनिवारी, सर रजेवर असताना तर प्रश्नच मिटला. तिथे फिल्टरच कामाचा.

महागड्या पॅकेजमध्ये ब्लॉकिंग असतं, हे खरं आहे, आणि विकणारा त्याच आधारावर ती ओळ लिहितो. नेटसपोर्ट स्कूलमध्ये सर साइटची परवानगीची किंवा बंदीची यादी लावू शकतात. पण ती सोय मुळात तासापुरती, सरांच्या हातातली आहे. साऱ्या शाळेच्या नेटची जबाबदारी तिच्या गळ्यात मारू नका.

माझं मत विचाराल तर वर्ग सांभाळणारं सॉफ्टवेअर पोरं पकडायला घ्यायचंच नसतं, शिकवायला घ्यायचं असतं. वीस चौकोनांवर डोळे लावून बसलेला मास्तर शिकवणार कधी? एप्रिलमध्ये लॅबच्या खिडक्या उघडल्याशिवाय बसवत नाही आणि उघडल्या की उन्हात प्रोजेक्टर दिसत नाही. अशा वेळी डेमो सुरू करा. एक्सेलमधली बेरीज सर स्वतःच्या पीसीवर करतात आणि तीच स्क्रीन प्रत्येक बाकावर उमटते, मागच्या रांगेतल्यालाही सूत्रातला कंस दिसतो. सांगून झालं की डेमो बंद, ज्याची त्याची स्क्रीन परत. आणि गोंगाट वाढला की लॉक. पहिल्यांदा लॉक केल्यावर लॅबभर एकच ओरड होते, “सर, हाई काय व्हयनं?” मग शांतता. घसा कोरडा करून जे साधत नाही ते होतं. एवढ्या दोन बटणांसाठीही मी हे बसवायला सांगेन.

एका गोष्टीची मात्र मला चीड आहे. व्हेयॉन फुकट म्हणून कुणीतरी येतो, एका पीसीवर सगळं टिकमार्क ठेवून बसवतो आणि तेच सगळ्या पीसींवर कॉपी करतो. सरांची ओळख पटवायला किल्ल्यांची पद्धत वापरली तर व्हेयॉनमध्ये किल्ल्या (म्हणजे फाइली) दोन असतात, एक खाजगी आणि एक सार्वजनिक. खाजगी किल्ली फक्त सरांच्या पीसीवर राहायला हवी, पोरांच्या पीसींवर फक्त सार्वजनिक. बसवताना पोरांच्या पीसींवर मास्टर या भागावरची, म्हणजे सरांनी वापरायच्या प्रोग्रामवरची टिक काढायची. हे केलं नाही तर कुठलंही पोरगं मास्टर उघडून शेजारच्याची स्क्रीन लॉक करतं, नाहीतर थेट सरांच्या पीसीत डोकावतं. किल्लीऐवजी पासवर्डची पद्धतही आहे, पण सगळ्या पीसींचा अॅडमिन पासवर्ड एकच आणि तोही फळ्याच्या कोपऱ्यात खडूने लिहिलेला असेल तर ती ठेवली काय आणि न ठेवली काय.

बाकीचा गोंधळ पटकन उरकतो. गूगल क्लासरूम हे यातलं काहीच नाही, ते गृहपाठ देण्याघेण्यासाठी आहे, नाव ऐकून फसू नका. एनीडेस्क एका पीसीची दुरुस्ती लांबून करायला चांगलं, वर्ग चालवायला नाही. डीप फ्रीझ पीसी रीस्टार्ट केला की आधीसारखा करून देतं. उपयोगाचं आहे, पण ते ना नजर ठेवतं ना अडवतं.

विकत घेण्याआधी आपली लॅब कशी आहे ते बघा. एका सीपीयूवर चार-पाच स्क्रीन लावलेली एनकॉम्प्युटिंगच्या धाटणीची लॅब असेल तर अशा सॉफ्टवेअरला सगळे मिळून एकच पीसी दिसू शकतो. व्हेयॉनमध्ये त्यासाठी मल्टी सेशनची सेटिंग आहे, ती आधी चालवून बघा. एकाच प्रतीवरून सगळे पीसी भरले असतील तर सगळ्यांचं नाव एकच असतं. ती नावं बाकांच्या क्रमाने बदलून घ्या, नाहीतर पहिल्या बाकाला लॉक कराल आणि सातवा ओरडेल. सरांचा लॅपटॉप वायफायवर असेल आणि राउटरचं गेस्ट (पाहुण्यांसाठीचं वेगळं) नेटवर्क वापरत असेल तर लॅबचा एकही पीसी दिसणार नाही. सरांच्या पीसीलाही केबलच लावा. डेमो वायफायवर अडखळतो, केबलवर धावतो.

क्लाउडवर चालणारी पॅकेजेस दिसायला गोजिरवाणी असतात. मी घेत नाही. एक तर आपल्याकडे वळवाच्या एका सरीने नेट जातं आणि त्यासोबत सगळं नियंत्रणही. दुसरं, पोरांच्या स्क्रीन बाहेरच्या सर्व्हरवर जातात. २०२३ चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा १८ वर्षांखालच्या सगळ्यांना मूल धरतो आणि त्यांच्या डेटासाठी पालकांची संमती मागतो. शाळांना शिक्षणासाठी काही सवलत असली तरी लॅबमधलं लॅबमध्ये राहिलेलं बरं. आणि व्हेयॉन बसवलं तरी पहिल्याच तासाला पोरांना सांगून टाका की सरांना तुमची स्क्रीन दिसते. लपूनछपून बघण्यासारखं त्यात काही नाही.

कोटेशनवाला समोर बसला की त्याला दोन गोष्टी करून दाखवायला सांगा. आधी राउटरमध्ये येणारी इंटरनेटची केबल काढा आणि म्हणा, आता चौथ्या बाकाची स्क्रीन दाखव. मग केबल परत लावा, सरांचा पीसी बंद करा आणि म्हणा, आता चौथ्या बाकावरून बंदीतली साइट उघडून दाखव. पहिल्यात स्क्रीन दिसली आणि दुसऱ्यात साइट उघडली नाही तर त्याच्याकडे दोन्ही वस्तू आहेत. एकच जमलं तर त्याला एकाच वस्तूचं बिल करायला सांगा, दुसरीचं काम स्वतः करून घ्या: फिल्टर राहिला असेल तर राउटरवर, वर्ग सांभाळणारं राहिलं असेल तर व्हेयॉनने.